मर्डोचा कोळसा

किंगयूसी गावात मर्डो मक्रे म्हणून विचारलंत तर लोक जरा विचारात पडतील. मर्डो कोळसेवाला म्हणा, शाळकरी पोरही घर दाखवील. उभं आयुष्य त्याने लॉरीतून घरोघर दगडी कोळसा पोचवण्यात घालवलं. पोतं पाठीवर घ्यायचं, मागच्या दाराने जायचं, कोठीत रिकामं करायचं आणि पोत्याची नीट घडी घालून परतायचं. पुढे घरोघरी तेलाच्या नि विजेच्या शेगड्या आल्या, धंदा बसला, लॉरी विकावी लागली. पण मर्डोचा तोरा उतरला नाही. कोळशातलं आपल्याइतकं या खोऱ्यात कुणाला कळत नाही, हे तो अजूनही कुणी न विचारता सांगायचा. दोन ढेकळं एकमेकांवर आपटून, आवाज ऐकून तो कोळसा निवडायचा. त्या आवाजात त्याला काय ऐकू येई ते त्यालाच ठाऊक.

माणूस बढाईखोर खरा, पण मनाने मऊ. स्टेशनमागे राहणारी टुलकबाई त्याची जुनी गिऱ्हाईक होती. एका पोत्यात ती महिना काढायची आणि आपल्या काटकसरीचं कौतुक स्वतःच साऱ्या गावाला ऐकवायची. त्या हवेत एका पोत्यात कुणाचा महिना निघत नाही. मर्डो दर फेरीला तिच्या कोठीत गुपचूप आणखी अर्धं पोतं ओतायचा आणि मग दारात उभा राहून तिचं ते कौतुक मान डोलवत ऐकायचा. ती देवाघरी गेली तरी ही गोष्ट त्याची बायको जेसी सोडून कुणाला कळली नाही.

दर जानेवारीत, नव्या वर्षाचा धुमाकूळ ओसरला की, मर्डो, एफी आणि सॉर्ली सायकलींना पिशव्या बांधून डोंगरात जायचे. शुक्रवारी निघायचं, दोन रात्री बॉथीत काढायच्या, रविवारी घरी. ही बॉथी म्हणजे मेंढपाळांनी कधीकाळी सोडून दिलेलं दगडी घर. दाराला कुलूप नाही, आत दिवा नाही, जो येईल त्याचं घर. आसपास कोसभर झाड नाही, त्यामुळे जळण ज्याने त्याने आपलं न्यायचं. एफी निवृत्त नर्स, जिभेची तिखट. सॉर्ली शाळेची बस चालवायचा; त्या दोघांपेक्षा बराच लहान, म्हणून त्यांच्या लेखी अजून पोरगाच. जेवण एफीकडे, व्हिस्की आणि पंक्चरचं सामान सॉर्लीकडे, कोळसा मर्डोकडे. ही वाटणी कुणी बसून केली नव्हती. मर्डो असताना कोळसा दुसऱ्या कुणी न्यायचा हे कुणाच्या मनातच येणार नाही, अशी मर्डोची समजूत होती. लॉरीच्या जुन्या ताडपत्रीची थैली जेसीने त्याला शिवून दिली होती. ती मागच्या कॅरिअरवर बांधली की त्याच्या अंगात जुनं बळ यायचं.

यंदा त्या थैलीत रजई होती.

ऑक्टोबरपासून त्याला दम लागत होता. जिना चढताना मध्येच थांबायचा आणि खिडकीतून काहीतरी बघितल्यासारखं करायचा. डॉक्टर म्हणाले, जन्मभराची धूळ छातीत बसली आहे, सायकल हळूहळू चालवा, पण वजन घेऊन चढ चढू नका. तरी निघायच्या आदल्या दिवशी त्याने थैली कोळशाने भरली आणि घरामागच्या टेकाडावर सायकल ढकलून पाहिली. अर्ध्या वाटेत कुंपणाचा खांब धरून तो इतका वेळ उभा राहिला, की शेजाऱ्याचं कुत्रं भुंकायचं थांबलं. मग घरी येऊन कोळसा परत ओतला आणि थैली भरलेली दिसावी म्हणून जुनी रजई कोंबली. जेसी स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं बघत होती. त्यांना सांग, एवढंच ती म्हणाली. सांगतो की, म्हणाला.

पण सांगवेना. आणि एक आशाही होती. गेल्या वर्षी त्याच्या थैलीतला अर्धा कोळसा उरला होता. इतक्या कडाक्याच्या दोन रात्री काढूनही उरला, याची फुशारकी त्याने पबमध्ये मार्चपर्यंत मारली. तो उरलेला कोळसा त्याने बॉथीतल्या झोपायच्या फळ्यांखाली ठेवून वर पाटीचा चपटा दगड ठेवला होता. आता बॉथीत जे मागे ठेवलं ते पुढच्या येणाऱ्याचं, हा तिथला रिवाज. एकदा सॉर्लीने मेणबत्ती पुढच्या खेपेसाठी लपवली तेव्हा मर्डोनेच त्याला चांगलं फैलावर घेतलं होतं. तरीही वर्षभरात त्या फळ्यांखाली कुणी वाकून पाहिलं नसेल, अशी स्वतःची समजूत घालून कोळसेवाला मर्डो निघाला होता.

शुक्रवारी आभाळ स्वच्छ होतं. वाटेवरच्या बर्फावर रात्रीत पापुद्रा धरला होता आणि चाकाखाली तो कुरकुरत फुटत होता. दरवर्षी एफी पुढे पळायची आणि वरून या दोघांना चिडवायची. यंदा तीही चढावर उतरून सायकल ढकलत होती. सॉर्लीचाही चेहरा लालबुंद झालेला. थंडी जास्त आहे, असं मर्डोने मनाशी म्हटलं आणि आपण फार मागे पडत नाही याचं त्याला बरंच वाटलं. ओढा ओलांडताना त्याने सांगायचं ठरवलं, पण तेव्हा सगळ्यांचे बूट हातात होते. मेंढ्यांच्या वाड्याशी चहाला थांबले तेव्हा जेसीने दिलेलं डंप्लिंग, सुकी फळं घालून उकडलेला गोड गोळा, निघालं आणि ते खाताना कडू बोलायला त्याची जीभ रेटेना. अजून परत फिरायला उजेड होता. पुढे तोही राहिला नाही. साडेतीनलाच डोंगर निळे पडले. हा आता एका माणसाच्या इभ्रतीचा प्रश्न राहिला नव्हता. तीन माणसांना त्या दगडी घरात रात्र काढायची होती.

बॉथीत शिरल्या शिरल्या त्याने टॉर्च घेतली आणि गुडघ्यांवर बसून फळ्यांखाली पाहिलं. पाटीचा दगड होता तिथेच होता. त्याखाली कोळशाचा खडाही नव्हता. कुणीतरी जागा स्वच्छ झाडून, सुतळीने बांधलेली कोरड्या काटक्यांची जुडी ठेवली होती. रिवाजाप्रमाणे वापरलं होतं, रिवाजाप्रमाणे मागे ठेवलं होतं. चिडायचं तरी कुणावर?

"कोळसा नाहीये," तो खाली बसूनच म्हणाला. "थैलीत रजई आहे. मला नाही ओढवत आता. गेल्या वर्षीचा इथे असेल या भरवशावर तुम्हाला घेऊन आलो. माझी लाज राखायला तुम्हाला गारठवायला निघालो होतो, असंच म्हणा."

एफीने आपल्या कपड्यांची पिशवी उघडली आणि वर्तमानपत्रात बांधलेले पुडे एकेक करून चुलीपाशी मांडले. सॉर्लीनेही सायकलच्या दांड्याखालची पिशवी सोडून आणली. तिच्यातूनही तसलेच पुडे निघाले. एका पुड्याचा कागद फाटून कोळसा दिसत होता.

"किती वेळ लावलास रे," एफी म्हणाली. "मला वाटलं, ओढ्यापाशीच बोलशील."

"जेसीने सांगितलं?"

"जेसी कशाला सांगेल? जन्मभर लोकांच्या छात्या ऐकल्यात मी. तुझी तर न ऐकायचं ठरवलं तरी ऐकू येते. यंदा जास्त आणलाय, पण आणतोय तीन-चार हिवाळे."

मर्डो तिच्याकडे बघत राहिला. "मग गेल्या वर्षी तो अर्धा उरला..."

"तुझ्या त्या थैलीत दोन रात्री निघतात होय? तू पाण्याला गेलास की आम्ही आमचा घालायचो. तू येऊन म्हणायचास, बघा, निवडून आणलेला कोळसा कसा सकाळपर्यंत जळतो."

"आणि आम्ही मान डोलवायचो," सॉर्ली म्हणाला.

मर्डो उठला, बादली घेतली आणि पाण्याला गेला. त्याला राग आला होता, आणि रागापेक्षा वाईट वाटत होतं. सगळा पब ऐकत होता मार्चपर्यंत. त्यात ही दोघंही बसलेली असायची. त्याने टाचेने ओढ्यावरचा बर्फ फोडला, बादली बुडवली, आणि वाकलेला असतानाच त्याला टुलकबाई आठवली. दारात उभी राहून हातवारे करत काटकसर शिकवणारी टुलकबाई, आणि समोर मान डोलवणारा तो स्वतः. तिला कमी लेखावं असं त्याच्या मनात कधी आलं नव्हतं. उलट तिचं ते ऐकायला मिळावं म्हणून तर तो तिची फेरी शेवटची ठेवायचा. त्याला हसू फुटलं, हसता हसता खोकला आला, आणि खोकला थांबेपर्यंत तो दगडावर बसून राहिला.

परत आला तेव्हा चूल पेटली होती. त्या अनोळखी माणसाच्या काटक्या कामी आल्या होत्या. मर्डोने बादली ठेवली आणि कोटही न काढता टुलकबाईची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. एफी तिच्याकडे मलमपट्टीला जायची. पायाला पट्टी बांधताना ते काटकसरीचं कौतुक तिनेही कितीदा ऐकलं होतं. ऐकून तिने डोळे पुसले. धूर फार आहे म्हणाली. धूर नव्हता.

रविवारी सकाळी उरलेला कोळसा मर्डोने फळ्यांखाली ठेवला, पण या खेपेला वर दगड झाकला नाही. मग रिकामे डबे, कुणीतरी टाकून गेलेल्या दोन बाटल्या, ओले कागद असा सगळा कचरा त्याने ताडपत्रीच्या थैलीत भरायला घेतला. वजन काहीच नव्हतं, पण घाण वास येणारं काम, त्यामुळे दरवर्षी त्यावरून टाळाटाळ चालायची. सॉर्लीने हात पुढे केला तर मर्डोने त्याला बाजूला सारलं.

"येताना कोळसा तुमचा, जाताना कचरा माझा," तो म्हणाला. "दरवर्षी. जोवर येववतंय तोवर."

मग त्याने एक डबा बुटाखाली घेऊन चपटा केला, थैलीत उभा बसवला आणि सांगायला लागला, की डबे असे लावायचे असतात, म्हणजे खडखडत नाहीत, आणि हे या खोऱ्यात कुणालाही धड जमत नाही. एफी आणि सॉर्ली गंभीर चेहऱ्याने ऐकत होते.

"आता मान डोलवू नका," मर्डो म्हणाला, आणि थैली बांधून सगळ्यांच्या पुढे निघाला.