सुभेदारांच्या छातीतलं दुखणं

हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. तिच्यापासून मी फारसं काही लपवलेलं नाही — पण हे लपवलं. आज तुम्हाला सांगतोय. आजच का, ते मलाही नीट सांगता येणार नाही.

नव्वदनंतरची वर्षं. वाईजवळच्या एका गावात माझा दवाखाना होता. बायकोची नोकरी सांगलीत, मुलगी तिच्यापाशी. महिन्यातून एकदा मी जायचो. बाकीचे दिवस — पेशंट संपले की समोरच्या रिकाम्या बाकाकडे बघत बसायचं. गाव चांगलं होतं, पण डॉक्टरशी गप्पा कोण मारतं? लोक दुखणं सांगायचे, गोळ्या घ्यायचे, जायचे.

एका सोमवारी सुभेदार आले. फौजेतून निवृत्त झालेले, ताठ कण्याचे. छातीत डाव्या बाजूला कळ येत होती आणि ते घाबरले होते. मी विचारत गेलो. चढ चढताना दुखायचं नाही. कूस बदलली, खोल श्वास घेतला की दुखायचं. त्याआधी दोन दिवस त्यांनी बाभळीचं खोड फोडलं होतं. छातीच्या मधल्या हाडाला बरगडी जिथं जुळते, तिथं मी बोटानं दाबलं.

"हितंच," ते म्हणाले. "हीच कळ."

हृदयाचं दुखणं असं बोटाखाली सापडत नाही. तरी साताऱ्याला पाठवून कार्डिओग्राम काढून घेतला. स्वच्छ होता. बरगडीचा सांधा दुखावला होता, एवढंच. काही आठवड्यांत आपोआप बरं होणारं. हे सांगायला कितीसा वेळ लागला असता?

पण ते रिपोर्ट घेऊन आले, चहा झाला, लडाखच्या थंडीच्या गोष्टी निघाल्या — संध्याकाळ कधी सरली कळलं नाही. उठताना त्यांनी विचारलं, काळजीचं काही नाही ना? मी म्हणालो, लक्ष ठेवायला हवं, दर सोमवारी येत जा.

हे खोटं होतं का? तेव्हा मी स्वतःला नाही म्हणून समजावलं. महिन्याभरात कळ थांबली. तुमच्या गोळ्यांचा गुण, असं ते म्हणायचे. मी गोळ्या बदलून नुसत्या ताकदीच्या दिल्या आणि सोमवार चालू ठेवले. जड उचलू नका, असंही सांगितलं — आजार खरा वाटायला तेवढं तरी हवं होतं. त्यांनी शेत वाट्यानं दिलं. त्यांच्या पत्नी, वत्सलाकाकू, रात्री उठून नवऱ्याच्या छातीवर हात ठेवून श्वास चालू आहे ना ते बघायच्या. सुभेदारांनीच मला हे हसत सांगितलं. आणि मी — मीही हसलो.

मग त्यांनी एकदा विचारलं, "हिला बर्फ दावायचा हाय, डॉक्टर. लगीन झाल्यापास्नं सांगत आलोय. जाऊ का आमी?"

ते गेले असते तर महिनाभर तो बाक रिकामा राहणार होता. माझ्या मनात एवढंच आलं. दुसरं काही आलं होतं असं सांगितलं तर तेही खोटंच.

"यंदा नको," मी म्हणालो. "उंचावर त्रास होईल."

पुढच्या वर्षी काकू काविळीनं गेल्या. फार दिवस लागलेच नाहीत.

दिवसकार्य उरकल्यावर सुभेदार येऊन समोर बसले. मग म्हणाले, "जाताना म्हनली, बर्फ न्हाई बघितला तर न्हाई. डॉक्टरनी तुमास्नी राखलं, लय झालं."

तेव्हा तरी बोलायचं होतं. नाही का? मी त्यांचा हात ओढून घेतला आणि नाडी मोजत राहिलो.

त्यानंतर थोड्याच महिन्यांत दवाखाना बंद करून मी सांगलीला आलो. सुभेदार मला पोचवायला स्टँडवर आले होते. एस.टी. हलली तसे ते टाचा जुळवून उभे राहिले आणि त्यांनी मला सॅल्यूट केला.

मी हात वर करून तो घेतला.