फरीदाचं विमान आणि कोंडिबा आबांची गोफण

फरीदा विमानातून पडून मेली, ही बातमी आमच्या निमोण्यातून निघाली तेव्हा विमान नुसतं उसात पडलं होतं. कासुर्डीला पोचेपर्यंत त्याला आग लागली. दौंडहून माझ्या नणंदेनं फोनवर गळा काढला, तेव्हा फरीदाची फक्त माती व्हायची बाकी होती. मी म्हटलं, "अगं, ती माझ्याच ओट्यावर चहा पितीय. घे, बोल तिच्याशी!"

विमान कसलं, बचत गटाचा ड्रोन तो, उसावर पातळ खत फवारणारा. पायलट त्यात बसत नाही, रिमोट धरून बांधावर उभी राहते. पण उगीच खोटं कशाला बोलू, एक जीव गेला. हौसराव आप्पांची तलंग, अंड्यावर आलेली कोंबडी. ड्रोन नेमका तिच्याच अंगावर कोसळला. आप्पांकडं रस्सा झाला. मीही जेवले, दुःखात सामील व्हायला नको?

पाडला कोंडिबा आबांनी. शेजारच्या ज्वारीत माळ्यावर बसून ते पाखरं राखतात. डोक्यावर काही घोंघावलं की त्यांचा हात आपोआप गोफणीकडं जातो. वर आम्हालाच विचारतात, "एवढं मोठं पाखरू ज्वारीत उतरलं आस्तं, तर कणीस ठिवलं आस्तं व्हय?"

फरीदा आधी शिवणकाम करायची. माझ्या ब्लाऊजची एक बाही अजून दुसरीपेक्षा लांब आहे. पण ड्रोन चालवायला शिकली आणि बाई अशी सरळ रेघ मारू लागली, की मला त्या बाहीचा नव्यानं राग आला. तिला आता शिलाई नकोच होती. पण गटाच्या बैठकीत अध्यक्ष कस्तुराबाई म्हणाल्या, "दुरुस्त करून आणलाय. पुन्यांदा पडला तर दुसऱ्या गावाला दिऊन टाकू. मग तू आपली मशिनीवर बस."

दुसऱ्या दिवशी फरीदा तडक आबांच्या माळ्याखाली गेली. भांडण चुकू नये म्हणून मी मागोमाग.

"आबा, आज आप्पांचा ऊस फवारायचाय."

"मंग?"

"घारी अंगावर येत्यात ड्रोनच्या. राखणीला माणूस पायजे. तुमचा नेम मी बघितलाय."

आबा मिशीत हसले. "उडीव तू. तुझ्या पाखराला कोण शिवतंय त्ये बघतो!"

सगळं गाव बांधावर जमलं. निम्मे फवारणी बघायला, निम्मे ड्रोन पडताना बघायला. आप्पांनी उरलेल्या कोंबड्या डालग्याखाली झाकल्या. ड्रोन वर उठला, उसावरून सरळ निघाला. इतक्यात एक घार गिरकी घेत खाली आली. माळ्यावरून "हाऽ हुर्रर्र!" झालं, गोफणीचा धोंडा सणसणत घारीच्या शेपटीजवळून गेला आणि घार घोड नदीकडं पळाली. फरीदानं मान वर केली नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळा ऊस भिजवून ड्रोन परत आला आणि तिच्या पायाशी गपचूप बसला.

पहिली टाळी कस्तुराबाईंची. "उद्या माझा ऊस!" त्या ओरडल्या, तशी बायकांची नंबर लावायला झुंबड उडाली. माळ्यावर आबा गोफण फिरवत असे उभे, जणू ड्रोन त्यांनीच उडवला.

डालगं उचलता उचलता आप्पांनी खोडी काढलीच, "काय गं फरीदा, तू इमानातनं पडलीस म्हनं? दौंडपत्तुर बोभाटा झालाय!"

फरीदा म्हणाली, "आप्पा, पडलं ते मशीन. मी तवाबी बांधावर उभी हुते आन् आताबी उभीच हाय."