हं म्हणणाऱ्या बाई

तो पहिल्यांदा आला तेव्हा समुपदेशक बाईंना वाटलं, भूकंपच झाला. आधी दारातली कुंडी गेली, मग फायलींची चळत कोसळली, मग टेबलावरचा पाण्याचा ग्लास थेट बाईंच्या मांडीवर. कॉलेजातल्या अपंग विद्यार्थ्यांसाठी ही खोली थाटताना, एखादा अंध विद्यार्थी आत येईल एवढं सोडून सगळ्याचा विचार झाला होता.

"सामान फार आहे बाई तुमच्याकडे," पांढरी काठी मिटून खुर्चीत बसत तो म्हणाला.

मग त्यानं गाऱ्हाणं मांडलं. परीक्षेत हा उत्तरं सांगायचा, लेखनिक लिहायचा. मागचा लेखनिक भलताच हुशार निघाला. याची उत्तरं पटेनात म्हणून पठ्ठ्यानं स्वतःची लिहिली, आणि इतिहासात नापास झाला हा. यंदा पुन्हा तेच झालं तर कॉलेज बंद, मग मामाच्या दुकानात फोन उचलत बसायचं.

मध्ये बोलायचं नाही, शांतपणे मान हलवायची, असं बाईंना प्रशिक्षणात शिकवलं होतं. बाईंनी इतकी मनापासून हलवली की कानातले डूल झुलायला लागले. वीस मिनिटांनी त्यानं विचारलं, "बाई, आहात ना?"

बाईंनी मान हलवली.

"गेल्या वाटतं. सांगून तरी जायचं," असं पुटपुटत तो उठला आणि जाता जाता दुसरीही कुंडी पाडून गेला.

बाईंनी त्याला जिन्यात गाठलं. "अरे, मी तिथंच होते."

"मग झोपला होतात का?"

"मान हलवत होते."

"कोणासाठी?"

त्या दिवसापासून बाई वाक्यागणिक "हं" म्हणू लागल्या. घरीसुद्धा. नवरा वैतागला. "अगं, चहा उरलाय का विचारतोय. दुःख नाही सांगत."

लेखनिक म्हणून बाईंनी खालच्या वर्गातली एक मुलगी शोधली. सरावात त्यानं विचारलं, "लिहिलंस?" तिनं मान हलवली. बाईंनी कपाळावर हात मारला. मग पंधरा दिवस घोटून घेतलं: तो सांगेल तसंच लिहायचं, वाचून दाखवायचं आणि हं म्हणायचं.

परीक्षेत त्यानं एका लढाईचं साल चुकीचं सांगितलं. मुलीला बरोबर साल तोंडपाठ होतं. तिनं चुकीचंच लिहिलं, वाचून दाखवलं आणि हं म्हणाली.

तो दोन मार्कांनी पास झाला. त्यानंतर बाईंकडे काही तो फिरकला नाही. दुसरंही कोणी येईना, म्हणून कॉलेजनं बाईंची खोली काढून घेतली; तिथं आता झेरॉक्सचं मशीन आहे.