दादाच्या मापाची फ्रेम

सायकलच्या कारखान्यात नव्या फ्रेमचं मॉडेल ती कॉम्प्युटरवर बनवायची आणि त्यावरून पहिला नमुना तिचा थोरला भाऊ वेल्डिंग करून उभा करायचा. दादाची जीभ मोठी तिखट. "तुझं बरं आहे बाई, चुकलं की बटण दाबलं, झालं. मला नळी कापावी लागते," असं तो चारचौघांत सुनवायचा. पण तिच्या आराखड्याला दुसऱ्या कुणी नावं ठेवली, की त्याची धडगत नसायची.

एके दिवशी कारखाना सुटल्यावर दादा फाटकाशीच सायकलवरून पडला. पाय वरच्या नळीवरून पलीकडे गेलाच नाही. लोक हसले, तोही हसला. पुढच्या आठवड्यात पुन्हा पडला, तेव्हा कुणी हसलं नाही. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि वहिनीला बाजूला घेऊन सांगितलं की स्नायू असेच झिजत जाणार, यावर औषध नाही.

वहिनीने रडून घेतलं. बहीण मात्र मापाची टेप घेऊन दादाकडे गेली. त्याच्या हातापायांची मापं घेतली आणि काम आटोपलं की कॉम्प्युटरसमोर बसू लागली. पाय फार न उचलता चढता यावं म्हणून तिने वरची नळी पार पेडलांजवळ उतरवली. त्याने फ्रेम कमकुवत झाली. मॉडेलवर माणसाचं वजन टाकून पाहिलं की सीटखालचा जोड पडद्यावर लालभडक व्हायचा. नळी जाड केली, एक आडवा आधार दिला, तेव्हा कुठे तो लाल रंग ओसरला.

"माझी सायकल दुसऱ्याच्या हातची नको," म्हणून नमुना दादानेच जोडला. फार वेळ लागला. जोड वेडेवाकडे आले. तो त्यांच्याकडे नुसता बघत राहिला, आणि दुसऱ्या दिवसापासून कामावर आला नाही.

त्या सायकलवर तो उन्हाळाभर फिरला. मग बोटांनी ब्रेक आवळवेना. तिने पुन्हा मापं घेतली, तीन चाकं केली, ब्रेक पेडलात आणला. ते पुरं होतंय तोवर त्याला पाठ ताठ धरवेना. तिने टेकायला जागा केली. एक आकडा बदलला की अख्खा सांगाडा पडद्यावर सरकून नव्याने जुळायचा, आणि तेवढ्यापुरतं तिला वाटायचं, आपल्या हातून काहीतरी होतंय.

पुढच्या खेपेला तिने टेप काढली, तसा दादा पलंगावरून म्हणाला, "चिमे, आता नको."

"दंडाचं तेवढं घेते रे. लगेच होईल."

"तू मापं घेतेस ना, तेव्हा मला कळतं, मी किती उरलोय ते." थोडा दम खाऊन तो म्हणाला, "नुसती येऊन बस की."

तिने टेप पिशवीत टाकली. मग ती रोज रिकाम्या हाताने जायची, कारखान्यातल्या कुचाळक्या सांगायची. त्याचे डोळे हसायचे. थंडी सरता सरता दादा गेला.

काही महिन्यांनी साहेबांनी तिला बोलावलं. "ती तीनचाकी खपेल. म्हातारे, आजारी, सगळ्यांना उपयोगी आहे. फक्त मापं सर्वांना बसतील अशी करा."

तिने मॉडेल उघडलं. दादाच्या हाताचं माप पुसून सरासरी माणसाचं घातलं, मग पायाचं. पडद्यावरचा सांगाडा लांबला, रुंदावला, जागच्या जागी बसला. हरकत घ्यावी असं त्यात काहीच नव्हतं. वहिनीला हे कसं सांगायचं, याचाच विचार करत ती बराच वेळ बसून राहिली.

नमुना नव्या वेल्डरने केला. तिने प्रत्येक जोडावरून बोट फिरवून पाहिलं. तो अवघडून बाजूला उभा होता.

"काही चुकलंय का ताई?"

"नाही," ती म्हणाली. "चांगले आलेत जोड."