पतीला कल्पना दिली आहे

श्रीरामपूरच्या स्टँडवर अण्णांनी मला खिडकीची जागा धरून दिली आणि स्वतः चार बाकं पुढे जाऊन बसले. संगमनेरपर्यंत एकदाही मागे वळून पाहिलं नाही. बापाला लेकीशेजारी बसायची लाज वाटावी असं झालं तरी काय होतं? तासाभरापूर्वी माझ्या सासरी बैठक बसली होती आणि आठ माणसांसमोर, मी नवऱ्याला जवळ येऊ देते की नाही, याची चर्चा झाली होती.

त्या आठांपैकी तुम्ही पाच जण अजून माझ्या संपर्कात आहात. हे तुमच्यासाठी लिहितेय. आणि माझ्यासारख्या ज्या बॅग भरून निघाल्या, त्यांच्यासाठीही.

लग्नाची सात वर्षं मी त्याला 'अहो' म्हणत होते. आता 'तो' म्हणते. बाजारपेठेत त्याचं मेडिकल होतं, अजून आहे. मी अकोले तालुक्यातली, लॅब टेक्निशियनचा कोर्स केलेली. पण सुनेनं नोकरी करायची नाही म्हणाले, म्हणून घरात. पाचव्या वर्षी मला काहीतरी झालं. कारण काहीच नव्हतं आणि नेमकं तेच कुणाला पटत नव्हतं. उठून वेणी घालायचीसुद्धा ताकद नसायची. भाजी निवडता निवडता डोळ्यांतून पाणी गळायचं. त्याने मला नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, मानसोपचार डॉक्टरांकडे नेलं. तेवढं त्याने केलं, ते मी नाकारत नाही. गोळ्या सुरू झाल्या आणि दीड-दोन महिन्यांत मी माणसात आले. जेवायला लागले, शेजारणीशी हसायला लागले.

पण दुसरंच काहीतरी निघून गेलं. त्याचा हात खांद्यावर पडला की पूर्वी अंगभर जे सरसरत जायचं, ते बंद झालं. तो मला आवडत नव्हता असं नाही. मन लावलं तरी शरीर साथच द्यायचं नाही. मी त्याला विश्वासाने सांगितलं, "माझं काहीतरी बिघडलंय हो." तो म्हणाला, "मनात असलं की सगळं होतं." म्हणजे माझ्या मनात नाही, असं मीच धरून चालले. एकदा कुणाला न विचारता गोळ्या बंद करून पाहिल्या. आठवड्यात डोकं गरगरायला लागलं, अंगात झटके आल्यासारखं व्हायचं, रडू थांबेना. पुन्हा सुरू केल्या आणि गप्प बसले.

दोन वर्षं असं चाललं. मग बैठक. काष्टीहून आलेले थोरले चुलतसासरे सगळ्यांच्या आधी बोलले, "हिच्यात बाईपनच न्हाई राहिलं. पोरानं किती वर्सं काढायची अशी?" सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. त्याने खाली मान घालून सांगितलं, "डॉक्टर केला, औषधं दिली, मी काय कमी केलं?" अण्णा शाळेत क्लार्क होते, सगळा जन्म साहेबांपुढे हळू आवाजात बोलण्यात गेलेला. ते एवढंच म्हणाले, "मी माझ्या मुलीला घेऊन जातो."

माहेरी चार महिने राहिले. मग घटस्फोटाच्या कागदावर सही केली आणि नाशिकहून बस धरून बडोद्याला आले, शाळेतल्या मैत्रिणीच्या ओळखीवर. इथे एका लॅबमध्ये रक्त घेते. लोक मला 'अल्काबेन' म्हणतात. सकाळी पेशंटना विचारते, "नाश्तो कर्यो छे?" आणि मग सुई टोचते. पहिले काही महिने गुजराती बोलताना मला हलकं वाटायचं, कारण त्या भाषेत मला कुणी काही वाईट बोललं नव्हतं.

गोळ्या संपत आल्या म्हणून इथल्या डॉक्टरबाईंकडे गेले. झोप, भूक विचारून झाल्यावर त्यांनी त्याच सुरात विचारलं, "आणि शरीराची इच्छा?" "ती गेली," मी म्हणाले. त्या म्हणाल्या, "या गोळीने ती कमी होऊ शकते. सगळ्यांची नाही, पण बऱ्याच जणांची होते. त्यावर उपाय असतात, हळूहळू औषध बदलता येतं. तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं?" मी नाही म्हणाले. त्यांनी माझी जुनी फाइल चाळली. नगरच्या डॉक्टरांचं इंग्रजी अक्षर मला कधी लागलं नव्हतं, त्यांना लागलं. पहिल्याच केसपेपरच्या तळाशी लिहिलं होतं: इच्छा कमी होऊ शकते, पतीला कल्पना दिली आहे.

पतीला. मला बाहेर बाकावर बसवून त्याला एकट्याला आत बोलावलं होतं, ते तेव्हा आठवलं. डॉक्टरांचाही राग आला. गोळी मी गिळणार आणि कल्पना नवऱ्याला! पण नवरा तर औषधंच विकत होता. त्याला कल्पना द्यायचीही गरज नव्हती.

मी रजा टाकली आणि श्रीरामपूरला गेले.

बाजाराचा दिवस होता, दुपारची गर्दी. काउंटरच्या आत सासूबाई स्टुलावर बसलेल्या. मी रांगेत उभी राहिले. नंबर आल्यावर चिठ्ठी पुढे केली. त्याने वर पाहिलं.

"अलका? तू?"

"तुम्ही म्हणा. गिऱ्हाईक आहे मी. या गोळीने काय त्रास होतो, ते सांगा."

"डॉक्टरांना विचार."

"डॉक्टरांनी सांगितलंय. तुम्हाला." आणि मी केसपेपर उघडून ती ओळ मराठीत मोठ्याने वाचली. दोनदा.

रांगेतले लोक पुढे सरकून ऐकायला लागले. सासूबाई म्हणाल्या, "अगं, लोकं बघत्यात!"

"त्या दिवशीही बघतच होते की, आत्या."

तो पुटपुटला, "तुला सांगितलं असतं तर तू गोळी सोडली असतीस."

"ठीक आहे. मग बैठकीत का नाही सांगितलं?"

उत्तर मीच दिलं. "कारण मग मला सोडायला कारण उरलं नसतं."

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. हातातली स्ट्रिप खाली पडली, ती उचलायलाही तो वाकला नाही. मला फार बरं वाटलं. इथे मला वाईट वाटलं असं मी लिहावं, अशी तुमची अपेक्षा असेल. पण नाही वाटलं.

स्टँडकडे जाताना मागून हाक आली. रांगेतली एक बाई होती, धापा टाकत. "ताई, ते गोळीचं खरंय का? मलाबी तसंच हुतंय. मालक म्हनत्यात, तुझं दुसरीकडं लक्ष हाय." मी तिला रसवंतीत बसवलं. म्हणाले, गोळी मनाने सोडू नका, डॉक्टरांना हेच शब्द सांगा, आणि मालकांना सोबत न्या. तिने मान हलवली. तिचे हात कितीतरी वेळ माझ्या हातात होते.

आठवड्याने अण्णांचा फोन आला. "दुकानात सगळ्यांसमोर बोललीस म्हणे?"

"हो."

मग म्हणाले, "मी बोलायला पाहिजे होतं. त्याच दिवशी."

औषध बदलल्याला आता दीड वर्ष झालं. मधल्या काळात एका सकाळी, एका पेशंटच्या दंडावर पट्टा आवळताना, माझ्या अंगातून काहीतरी सरसरत गेलं. मी इतकी दचकले की शीर चुकली. तो पेशंट नंतर कधी भेटला नाही. पुढे जयेश भेटला. त्याला तिसऱ्याच भेटीत सगळं सांगून टाकलं, गोळीचं नावसुद्धा. तो म्हणाला, "कशो वांधो नथी," म्हणजे काही हरकत नाही, आणि गोळीचे दुष्परिणाम स्वतः वाचून आला.

अजून काही आठवडे कोरडे जातात. मी "आज नाही" म्हणते, तो चहा टाकतो. कुणी कारण विचारत नाही. तुमच्यातले माहेरचे मला विचारतात, घरी कधी येतेस? मी घरीच आहे. अण्णा येऊन गेले गेल्या महिन्यात; त्यांना स्टँडवर सोडायला जाताना आम्ही दोघं बसमध्ये एकाच बाकावर बसलो. तुम्हाला यायचं असेल तर या. पण दारात आधी माझी माफी मागावी लागेल, मोठ्याने, शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशी.