अकरा मिनिटांचा शाकाहारी

भाड्याच्या घरासाठी मी आयुष्यात एकदाच शाकाहारी झालो, तेही जेमतेम अकरा मिनिटं.

चार दिवसांत जुना फ्लॅट रिकामा करायचा होता. नवी मुंबईतली उलवे, करंजाडे पालथी घातली. प्रत्येक टॉवरमध्ये मालकाचा पहिला प्रश्न एकच, "नॉनव्हेज खाता?" आम्ही पडलो मालवणचे. खरं बोलून सात घरं हातची घालवली! (सातव्याच्या बाल्कनीतून तर विमानतळ दिसत होता.)

शेवटी कोपरखैरणे गावातल्या एका तीन मजली घराचा जिना चढताना मी बायकोला बजावलं, "नीता, इथे आपण शाकाहारी. बोलायचं काम माझं."

घरमालकीण काकी आगरी. पाणी देऊन त्यांनी विचारलं, "खानंपिनं कसा हाय तुमचा?"

"शुद्ध शाकाहारी! अंडंसुद्धा नाही."

काकींचा चेहरा उतरला. मला वाटलं, एवढ्यानं भागत नाहीये.

"कांदा-लसूणही नाही!"

चेहरा आणखी उतरला.

"अहो, पुरे," नीता कुजबुजली. पण मी आता थांबतोय होय!

"माशाच्या नुसत्या वासानं मला भोवळ येते, काकी!"

काकी उठल्याच. "मंग नाय जमाचा. गच्चीवर माजा जवला सुकतो. मागचा भाडेकरू नाकाला फडका बांधून फिराचा. मीच घालवला त्याला!"

माझ्या पायाखालची फरशी सरकली. "काकी, खोटं बोललो! आम्ही पक्के मासेखाऊ! मी बांगड्याचं डोकंसुद्धा सोडत नाही!"

"घरासाठी आता डोका पन खाशील तू!"

"आईशप्पथ, काकी!"

"खातान सगलेच. साफ करून दाव." त्यांनी ओल्या बोंबलांची पाटी आणि विळी माझ्यापुढे ठेवली.

(मी मासे फक्त ताटात ओळखतो, हे सांगायची ही वेळ नव्हती.) पहिला बोंबील हातातून सटकला तो थेट टीव्हीवर. दुसरा सोफ्याखाली गेला. तिसरा मी दोन्ही हातांनी आवळला, तर तो शर्टात शिरला!

नीतानं ओढणी खोचली, विळी पुढे ओढली आणि बघता बघता पाटी रिकामी केली. काकी खूश! "पोरी, घर तुला दिला!"

"आणि मला?" मी सोफ्याखालून विचारलं. दुसरा बोंबील अजून सापडत नव्हता.

काकींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "या खोटारड्याला संगती आनाचा का नाय, ते तू बघ, पोरी."

नीतानं विचार करायला दोन दिवस मागून घेतले!