साडेपाचशेला उघडलेली भट्टी

प्रयोगशाळेत त्यांना सगळे भट्टीवाले काका म्हणत. आधी बारा वर्षं ओतशाळेत, मग एकोणीस वर्षं इथल्या नळीच्या भट्टीवर. संशोधन करणारी एक मुलगी नखाएवढ्या पांढऱ्या चकत्या आणून द्यायची. चकतीला आरपार भोकं, केसाच्या हजाराव्या भागाइतकी बारीक. तापलेल्या चकतीवर वायू सोडला की भोकांच्या आतून कार्बन धरायचा, त्याच्या नळ्या व्हायच्या आणि चकती काळी पडायची. मग पाच तास बसून राहायचं. भट्टी निवेपर्यंत आत हवा जाता कामा नये, नाहीतर धरलेला कार्बन जळून जातो.

एका शनिवारी जावई जेवायला यायचा होता. काकांनी साडेपाचशे अंशांवरच भट्टीचं तोंड उघडलं. चकत्या राख फासल्यासारख्या करड्या निघाल्या. काकांनी त्या डबीत घातल्या, वहीत ‘थंड झाल्यावर उघडली’ असं लिहिलं आणि घर गाठलं.

मुलीला वाटलं, आपलाच वायू कमी पडला. तिनं तो वाढवला. पुढचे तीन आठवडे काका भट्टीपाशी खिळून बसले, पण आता जादा वायूनं भोकांची तोंडंच काजळीनं बुजायला लागली.

शेवटी तिचे मार्गदर्शक सर काकांच्या देखत तिला म्हणाले, “जमत नसेल तर विषय बदल. सोमवारी काय ते सांग.”

“बदलते, सर.”

काका भट्टीच्या तापमानाचा काटा पुसत राहिले. तो स्वच्छच होता.

घरी बायको म्हणाली, “जावई येऊन गेल्यापासून तोंड पाडून बसलाय. काही मागितलं की काय त्यानं?”

“मागितलं असतं तर परवडलं असतं.”

सोमवारी ते प्रयोगशाळेत त्या मुलीच्या आधी पोचले. ती आल्यावर म्हणाले, “तुझं वायूचं पहिलं प्रमाण बरोबर होतं. त्या शनिवारी मी भट्टी साडेपाचशेला उघडली होती.”

“का, काका?”

“घरी जायचं होतं.”

याहून बरं कारण त्यांच्यापाशी नव्हतं. मान वर करवेना.

तिनं वही पुढे सरकवली. “लिहा इथं.”

त्यांनी जुनी ओळ खोडली, खरा आकडा लिहिला, सही केली. तसेच सरांकडे जाऊन सगळं सांगून आले. सरांनी तिला महिनाभर मुदत दिली.

दुपारी जुन्या प्रमाणावर भट्टी लागली. वायू बंद झाल्यावर मुलगी खुर्ची ओढून काट्यासमोर बसली.

“तू जेवून ये. मी आहे ना इथं.”

“नको, बसते मी.”

दुसरी खुर्ची रिकामीच होती. काका पाचही तास उभे राहिले.